पारखीची पंच्याहत्तर वर्षे : परळ ते खारघर

परळला १९५२ साली ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ सुरू झाले. पुढे त्याचे ‘कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट’ झाले आणि २००२ साली खारघरच्या मोकळ्या माळावर गेल्यापासून ते ‘ॲक्ट्रेक’ म्हणून ओळखले जाते. २०२७ साली या संस्थेला ७५ वर्षे पूर्ण होतील. एवढ्या मोठ्या संस्थेचा सगळा इतिहास एका लेखात मावणारा नाही. म्हणून येथे एकच धागा हाती घेतला आहे : परंपरेने औषधी मानलेल्या वनस्पतींतील द्रव्ये माणसाच्या कर्कपेशींवर तपासून पाहण्याचा.

सिंधुदुर्गातील वाचकाला हा धागा जवळचा वाटेल. आपल्याकडे घराच्या मागीलदारी हळद, माडावर चढलेला पानवेल, कुंपणाला अडुळसा आणि परड्यात भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे, झाड असतेच. कोणाला गाठ आली की गावात झाडपाल्याचे औषध देणारा कोणीतरी सुचवला जातो, आणि शेवटी परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरली जाते. गावच्या औषधात काही तथ्य आहे का, असल्यास किती, याची पारख परळ-खारघरच्या प्रयोगशाळांत कशी होत गेली, त्याची ही हकीकत.

पूर्वपीठिका : तिसाचे आणि चाळिसाचे दशक

लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पाठोपाठ १९३२ साली सर दोराबजी टाटाही गेले. कर्करोगावर उपचार करणारे अद्ययावत रुग्णालय मुंबईत व्हावे, ही दोराबजींची इच्छा त्यांच्या विश्वस्तांनी पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. सात मजली इमारत आणि ८० खाटा, एवढा तेव्हाचा पसारा होता. भोवताली गिरणगाव होते आणि लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेली गिरणी कामगार कुटुंबे दाटीवाटीने राहत होती.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोली हे वेंगुर्ले तालुक्यातील गाव, त्यामुळे हे नाव घेताना आपल्या भागातील माणसाला आपुलकी वाटणे साहजिक आहे. लंडनला रोगनिदानशास्त्र शिकून आलेल्या खानोलकरांनी केवळ गाठी तपासून अहवाल लिहिण्यावर समाधान मानले नाही. कोणत्या समाजात कोणत्या जागी कर्करोग होतो आणि तिथल्या चालीरीतींशी त्याचा काय संबंध आहे, हे त्यांनी शोधले. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग आणि चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग यांची नोंद त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली जगापुढे ठेवली. इथल्या माणसांचा रोग इथेच अभ्यासला पाहिजे, ही संस्थेची वृत्ती तेथूनच घडली.

पाया : पन्नासचे आणि साठचे दशक

रुग्णालयाला लागून स्वतंत्र संशोधन केंद्र हवे, या खानोलकरांच्या आग्रहाला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची साथ मिळाली आणि १९५२ साली केंद्र उभे राहिले. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. उपकरणे परदेशातून मागवावी लागत आणि परकीय चलन दुर्मिळ होते. हाताशी होती ती उत्साही तरुण मंडळी.

त्यांतील अग्रणी डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या समर्थ घराण्यातील या विदुषीने एम.एस्सी.साठी सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता. वनस्पतीच्या पेशीकडून त्या माणसाच्या पेशीकडे वळल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे काम केले. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी काचपात्रात अखंड वाढू लागल्या. ‘हेला’ या नावाने त्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत.

मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी संस्थेत ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ती या प्रकारची पहिली मानली जाते. ३७ अंश सेल्सिअसची ऊब, पोषक द्रव, जनावराच्या रक्तातील सीरम आणि कमालीची स्वच्छता : एवढे जमले तर माणसाची पेशी शरीराबाहेर जगते. बोलायला सोपे वाटणारे हे काम तेव्हाच्या मुंबईत, दमट हवेत आणि वीज जाण्याच्या धास्तीत, किती कठीण होते याची कल्पना बुरशीने नासलेली पात्रे ज्यांनी टाकून दिली आहेत त्यांनाच येईल. वनस्पतींच्या पारखीची पहिली पायरी ही होती. पेशीच जगली नाही, तर ती कशाने मरते हे तपासणार कसे?

याच काळात डॉ. सत्यवती सिरसाट यांनी संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा घडवली. १९५७ साली टाटा मेमोरियल रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले, १९६२ साली कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला आणि १९६६ साली रुग्णालय व संशोधन संस्था ‘टाटा मेमोरियल सेंटर’च्या एका छत्राखाली आल्या. एवढ्या बदलांत सगळ्यांचे सगळे पटले असेल असे नाही. पण रोगी आणि प्रयोगशाळा यांमधले अंतर त्यामुळे कमी झाले.

बाहेरच्या जगात वनस्पतींकडे पाहण्याची दृष्टी तेव्हाच बदलत होती. आपल्या दारी, किनाऱ्याच्या वाळूतसुद्धा बारा महिने फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेतात, असे कळल्यावर कॅनडातील रॉबर्ट नोबल यांनी ती तपासली. साखर उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे औषध निघाले. याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टिनला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांत ते आजही वापरले जाते. लोकांनी सांगितलेला उपयोग एक आणि सापडलेला दुसराच, अशी ही कथा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाळणी सुरू करून १९६८ साली पहिला मोठा अहवाल काढला. तिच्या चाचण्यांत माणसाच्या कर्कपेशीही होत्या.

सत्तरचे दशक : नरक्याची ओळख

आंबोलीपासून राधानगरीपर्यंतच्या सह्याद्रीत नरक्या नावाचे लहानखुरे झाड आढळते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला पूर्वी ‘मॅपिया फीटिडा’, म्हणजे दुर्गंधी मॅपिया, असे नाव दिले होते. सरपणाखेरीज त्याला फारशी किंमत नव्हती.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉलची रचनाही उलगडली. कॅम्प्टोथेसिन देणारे झाड चीनबाहेर सहज मिळत नव्हते. १९७२ साली मुंबईतच, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले, आणि तेही भरघोस. आपल्या डोंगरातील उपेक्षित झाड रातोरात जगाच्या नकाशावर आले.

मात्र पहिला अनुभव निराशेचा होता. कॅम्प्टोथेसिनच्या विरघळणाऱ्या क्षाराच्या रुग्णांवरील चाचण्या अमेरिकेत झाल्या. मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर त्रास इतके झाले की त्या थांबवाव्या लागल्या. काचपात्रात पेशी मारणे आणि माणसाला बरे करणे यांत केवढे अंतर आहे, हा धडा जगभरच्या संशोधकांना मिळाला.

याच दशकात संस्थेच्या विभागांचा विस्तार झाला. रणदिवे यांनी १९६६ ते १९७० या काळात संचालकपद सांभाळले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेली पिढी आता आपापले विभाग चालवू लागली. पेशींना वेळेवर अन्न घालणारे प्रयोगशाळा-साहाय्यक, काचेची भांडी धुऊन निर्जंतुक करणारे कर्मचारी आणि प्राणिगृह सांभाळणारी माणसे यांची नावे शोधनिबंधांवर छापली जात नाहीत. त्यांच्यावाचून मात्र एकही शोधनिबंध झाला नसता.

ऐंशीचे दशक : मशेरी, मिरची, हळद आणि विड्याचे पान

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. परळला मात्र त्यानंतरही जावेच लागे. तोंडाच्या कर्करोगाच्या रांगेत मशेरी लावणाऱ्या बायका दिसत. तव्यावर तंबाखू भाजून, काळी पूड करून ती दातांना लावायची सवय किनारपट्टीच्या घराघरांत होती. संस्थेच्या कर्ककारक-द्रव्य विभागात डॉ. एस. व्ही. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीचा अर्क तपासला आणि ती निरुपद्रवी नाही, हे प्रयोगांनी दाखवून दिले.

याच विभागाने स्वयंपाकघराकडेही मोर्चा वळवला. मिरचीतील तिखट द्रव्य जनुकांत बदल घडवते का आणि हळदीतील कुर्कुमिन ते रोखते का, यावरचे निबंध १९८५-८६ साली प्रसिद्ध झाले. विड्याच्या पानाचा अर्क उंदरांच्या जठरातील गाठी कमी करतो, हा निष्कर्ष १९९१ साली आला आणि हळदीबाबतचा तसाच निष्कर्ष १९९२ साली. विड्यातले पान वेगळे आणि त्यात घातलेली तंबाखू-सुपारी वेगळी, हे अशा कामांतून स्पष्ट झाले. पुढे डॉ. जी. बी. मरू यांच्या गटाने हळदीचा हा अभ्यास पुढे नेला. आपल्या आज्यांनी सांगितलेले सगळेच खरे किंवा सगळेच खोटे, असा निवाडा संस्थेने कधी दिला नाही. एकेक द्रव्य वेगळे काढून प्रश्न विचारला आणि जे उत्तर आले ते छापले.

नव्वदचे दशक : आपल्या रुग्णांच्या पेशी, जगाची मोजपट्टी

तोवर बहुतेक चाचण्या परदेशी रुग्णांच्या पेशींवर होत. १९९० साली संस्थेतील संशोधकांनी इथल्याच रुग्णांच्या गाठींतून चार नव्या सेल लाइन, म्हणजे काचपात्रात अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचे वंश, तयार केल्याचे जाहीर केले. त्यांतील ‘एडब्ल्यू १३५१६’ आणि ‘एडब्ल्यू ८५०७’ ही नावे आज तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांच्या ओठांवर आहेत. इथल्या रोगाचा अभ्यास इथेच, हा खानोलकरांचा आग्रह असा काचपात्रात उतरला.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने माणसाच्या ६० सेल लाइनवर एकाच वेळी चाचणी घेण्याची पद्धत रूढ केली. १९६० ते १९८२ या काळात तिथे वनस्पतींचे सुमारे १,१४,००० अर्क तपासले गेले होते. त्यांतून रुग्णांच्या खऱ्या उपयोगाला आली ती टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन यांच्यासारखी मोजकीच द्रव्ये. हा आकडा ‘रामबाण’ शब्द सहज वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

कॅम्प्टोथेसिनचे नशीबही याच दशकात पालटले. पेशीतील डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका विकराला ते जागच्या जागी अडकवून ठेवते, हे १९८५ साली कळले होते. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल केले. त्यातून तयार झालेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन्ही औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत ३० वर्षे लागली.

या यशाची किंमत सह्याद्रीने मोजली. नरक्याचे लाकूड आणि मुळे यांना भाव आला आणि झाडे मुळासकट जाऊ लागली. चोरटी तोड पकडल्याच्या बातम्या आपल्या भागातील वर्तमानपत्रांना नव्या राहिल्या नाहीत. दुसरीकडे, जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ती लढाई जिंकली. पारंपरिक ज्ञानाला मालक असतो आणि डोंगरातील झाडाला मर्यादा असते, हे दोन्ही भान त्या दशकाने दिले. २००२ साली जैवविविधता कायदा आला.

एकविसाव्या शतकाचे पहिले दशक : खारघरचा माळ

परळची जागा अपुरी पडू लागली होती. २००२ साली संस्था नवी मुंबईत खारघरच्या ६० एकरांच्या आवारात गेली. गोठवलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत ठेवून, न बिघडता हलवायच्या म्हणजे जोखमीचे काम. जुन्या-नव्या सर्वांनी मिळून ते पार पाडले.

येथील कर्करोगविरोधी औषध-चाचणी सुविधेमुळे देशभरच्या महाविद्यालयांना आणि आयुर्वेद संस्थांना आपले नमुने तपासून घेण्याची सोय झाली. चाचणीची रीत अशी. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खळग्यात सुमारे ५,००० पेशी सोडतात. त्या स्थिरावल्या की नमुना चार मात्रांत घालतात, सामान्यतः मिलिलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम. शेजारच्या खळग्यांत तुलनेसाठी ॲड्रिॲमायसिन हे सिद्ध औषध असते. ४८ तासांनी पेशी आम्ल घालून जागीच घट्ट करतात आणि सल्फोरोडामाइन-बी या गुलाबी रंगाने रंगवतात. हा रंग पेशीतील प्रथिनांना चिकटतो. जितक्या पेशी उरल्या तितका रंग गडद. ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाची तीव्रता मोजतात आणि पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. शुद्ध द्रव्याने हे काम १० मायक्रोग्रॅमच्या आत केले, किंवा कच्च्या अर्काने २० च्या आत, तरच तो नमुना क्रियाशील धरतात.

बहुतेक अहवालांत उत्तर ‘नाही’ असेच येते. वर्षानुवर्षे जपलेल्या पाठाची वनस्पती घेऊन आलेल्या वैद्याला किंवा उन्हातान्हात मुळ्या गोळा केलेल्या विद्यार्थ्याला ते पचवणे सोपे नसते. पण होकारावर विश्वास बसावा यासाठी नकारही तितकाच खरा असावा लागतो. संस्थेची पत या नकारांवर उभी आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

आपल्या भिरंडालाही याच काळात नवी ओळख मिळाली. त्याच्या सालीतील गार्सिनॉल हे द्रव्य पेशीतील जनुके चालू-बंद करणाऱ्या एका विकराला रोखते, हे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील संशोधकांनी २००४ साली हेला पेशींवर दाखवले. दुसऱ्याच वर्षी नरक्याच्या आत वस्तीला असलेली एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन तयार करते, असे जम्मूच्या संशोधकांना आढळले. झाड न तोडता द्रव्य मिळवण्याची एक वाट त्यातून दिसली.

दुसरे दशक : भान आणि शिस्त

चाचण्या स्वस्त झाल्या तशी निबंधांची संख्या फुगली. ‘अमुक पाल्याने कर्करोग बरा’ अशा मथळ्यांनाही ऊत आला. या गलबल्यात अनुभवी मंडळींनी काही गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पटवून तिचा वाळवलेला नमुना जपून ठेवा. कोणत्या हंगामात, कोणता भाग, कोणत्या द्रवात काढला, हे लिहा. कर्कपेशींबरोबर निरोगी पेशींवरही तपासा, कारण विष दोन्ही मारते. सेल लाइनची जनुकीय ओळख तपासा, कारण साठच्या दशकापासून वापरात असलेल्या काही नामांकित सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच निघाल्या होत्या.

कुर्कुमिनसारख्या लाडक्या द्रव्यालाही ही शिस्त चुकली नाही. ते पाण्यात विरघळत नाही, शरीरात टिकत नाही आणि चाचणीच्या उपकरणांनाच चकवते, अशी परखड समीक्षा २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका आघाडीच्या अमेरिकी नियतकालिकात आली. हळदीवर आयुष्य वेचलेल्यांना ती कडू वाटली असेल, पण पुढचे प्रयोग त्यामुळे काटेकोर झाले. २०१८ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्याच्या चवीचे आणि मातीचे प्रमाणपत्र आहे. कोकम कर्करोगावरचे औषध असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे, एवढे विक्रेत्यांनी ध्यानात घ्यावे.

तिसरे दशक : आजचे कार्य

आजचे खारघर परळच्या त्या पहिल्या प्रयोगशाळेहून ओळखू न येण्याइतके बदलले आहे. २०२३ साली येथे प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या देशी कार-टी उपचाराला त्याच वर्षी मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील पेशी घडवून त्याच्या रोगाशी लढवायच्या, हे रणदिवे यांनी रुजवलेल्या पेशी-संवर्धनाचे फार पुढचे पाऊल म्हणावे लागेल. द्राक्षाच्या सालीत आढळणारे रेझवेराट्रॉल तांब्यासोबत देऊन रुग्णांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यासही डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने येथेच हाती घेतला.

वनस्पतींच्या पारखीचे काम थांबलेले नाही. सुरक्षित मात्रा, उंदरांवरील प्रयोग, शरीरातील शोषण आणि शेवटी रुग्णांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्या, या पायऱ्या चुकवता येत नाहीत. म्हणूनच डॉक्टर रुग्णाला सांगतात : झाडपाल्यासाठी उपचार थांबवू नका, आणि घेत असलेला झाडपाला आमच्यापासून लपवू नका. काही पाल्यांचे द्रव्य केमोथेरपीच्या औषधाशी भांडते. डॉक्टरला ते माहीत असलेले बरे.

पुढील वाटचाल

सिंधुदुर्गाकडून या कामाला बरेच मिळू शकते. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी आपल्या नोंदवहीत औषधी वनस्पती आणि त्यांचे जाणकार यांची नोंद पुरी करावी. महाविद्यालयांनी नमुने जमवताना त्या जाणकारांचे नाव आणि वाटा आधीच ठरवावा. नरक्याची रोपे वाढवण्याचे प्रयत्न रोपवाटिकांनी हाती घ्यावेत, म्हणजे पुढच्या शोधासाठी डोंगर उघडा करावा लागणार नाही.

खानोलकर-रणदिवे यांच्यापासून आजच्या तंत्रज्ञापर्यंत, आणि प्राणिगृहातील कर्मचाऱ्यापासून आपली गाठ संशोधनासाठी देऊन गेलेल्या अनाम रुग्णांपर्यंत, या पंच्याहत्तर वर्षांचे श्रेय सर्वांचे आहे. त्यांनी वनस्पतींवर श्रद्धा ठेवली नाही आणि अविश्वासही दाखवला नाही, तपासून पाहिले. आपल्या परड्यातले झाड घेऊन उद्या जो तरुण खारघरला जाईल, त्याला खरे उत्तर मिळेल, मग ते होकाराचे असो की नकाराचे. एवढी खात्री या संस्थेने कमावली आहे.